टीममधले चौघे

एका ऑनलाइन खेळात माझी रँक सिल्व्हर आहे आणि माझा खेळ गोल्डचा आहे. या दोन गोष्टींच्या मधे माझ्या टीममधले चौघे बसलेले असतात. रोज रात्री माणसं बदलतात, पण बसायची जागा बदलत नाही. एक जण गेम सुरू झाला की जेवायला जातो. दुसरा माईक चालू ठेवून घरचा मिक्सर ऐकवतो. तिसरा बॉम्ब पाठीला बांधून जिथे शत्रू कधीच येणार नाही अशा कोपऱ्यात निवांत उभा असतो. चौथा या तिघांना काही बोलत नाही, शिव्या मला देतो.

पाच विरुद्ध पाच नेमबाजीचा हा ऑनलाइन खेळ चाळिशी उलटल्यावर, मालवणात बसून, रोज नेमाने का खेळावा, हे मला विचारू नका. बायको विचारते तेवढं पुरे आहे. रँक वर का जात नाही, हा खरा प्रश्न. तो मी इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पुतण्याला विचारला. तो बांगड्याचे काटे काढत म्हणाला, "काका, तुझे दोन आकडे आसत. एक तुका दिसता, एक दिसणा नाय. खरो तो दिसणा नाय तो."

म्हणजे सिल्व्हर, गोल्ड ही नुसती बाहेरची पाटी. डावासाठी माणसं जुळवताना खेळाची सिस्टीम बघते तो आकडा आत, कुलपात. पाटी आकड्यापेक्षा वर गेली असेल तर जिंकल्यावर कमी गुण मिळतात आणि हरल्यावर जास्त कापले जातात, पाटी खाली येईपर्यंत. माझे नेहमी जास्तच कापले जातात. यावरून पुतण्याने जो निष्कर्ष काढला तो मी इथे देत नाही.

या आकड्याचं मूळ बुद्धिबळात आहे. अर्पाद एलो नावाचे, जन्माने हंगेरीचे आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक होते. त्यांची पद्धत अमेरिकेतल्या बुद्धिबळ संघटनेने १९६० साली आणि जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० साली स्वीकारली. दोघांच्या गुणांतला फरक बघायचा आणि कोण किती वेळा जिंकणार ते आधीच मांडून ठेवायचं. २०० गुणांनी वरचढ असलेल्याने शंभरातले साधारण ७६ डाव मारावेत, ४०० ने वरचढ असलेल्याने ९१. अपेक्षेप्रमाणे झालं तर हातावर चिल्लर. दुबळ्याने बलवानाला लोळवलं तर घसघशीत. बरोबरीच्या दोघांना गाठ घालून दिली की निम्मे डाव एकाचे, निम्मे दुसऱ्याचे. म्हणजे सिस्टीमचं काम चोख झालं तर मी आयुष्यभर निम्मे डाव हरणार. याला ते न्याय म्हणतात.

पण बुद्धिबळात हरणारा एकटा हरतो. वजीर शेजारच्याने घालवला, असं तिथे सांगता येत नाही. पाच जण आले की घोटाळा सुरू. आमच्याकडे रापण ओढतात तशातली गत. होडीने समुद्रात जाळं अर्धगोल टाकून आणायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी खेचायचे. त्यात काही जण घाम गाळतात आणि काही जण दोराला नुसता हात लावून आरोळ्या देतात. आरोळ्या त्यांच्याच मोठ्या. जाळं वर आलं की मासळी किती ते दिसतं, ओढलं कोणी ते दिसत नाही. आता कोण कामाचा आणि कोण आरोळीचा हे ओळखायचं कसं? मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी ट्रूस्किल नावाची पद्धत काढली, तिचं उत्तर असं की एका दिवसात ओळखूच नये. दोराला रोज वेगळी माणसं लागू द्यावीत आणि हिशेब ठेवत जावा. अमका असला की जाळ्यात मासळी कमी येते, हे कधी ना कधी उमगतंच.

या ट्रूस्किलमध्ये नव्या माणसाला सुरुवातीला २५ गुण देतात आणि सोबत ८.३३ इतका संशय. यादीत नाव लावताना गुणांतून संशयाची तिप्पट वजा करतात, म्हणजे हातात शून्य. आमच्या वाडीत नव्या माणसाला यापेक्षा जास्त कधी मिळालेलं नाही, त्यामुळे हा भाग मला लगेच पटला. खेळत राहिलं की संशय कमी होतो. माझ्याबद्दलचा संशय आता जवळपास फिटलाय, असं पुतण्या म्हणतो.

त्याचा आणखी एक मुद्दा होता. मूर्ख दोन्ही बाजूंना सारखेच वाटले जातात. तू शहाणा असशील तर तुझ्या टीममध्ये मूर्खांना चारच जागा उरतात, समोर मात्र पाच. पुष्कळ गेम खेळलास तर वर जायलाच हवास.

"आणि नाय गेलंय तर?" मी विचारलं.

तो पुन्हा काट्यांकडे वळला.

मी खेळतो तेही रात्री, घर झोपल्यावर. सिस्टीम आधी आपल्या आकड्याच्या आसपासची माणसं शोधते. मिळाली नाहीत तर दर थोड्या वेळाने हात लांब करत जाते. रात्री दोन वाजता सिल्व्हरवाले झोपलेले असतात, त्यांना सकाळी कामावर जायचं असतं. जागे असतात ते गोल्डच्याही वरचे डायमंडवाले. मग मी ओरडतो, "मागून आले! झाडावर आहे एक!" आणि पडवीत आई उठून बसते. "माकडां इली काय रे?" म्हणत ती काठी घेऊन खळ्यात जाते. एकदा खरंच आली होती. त्या रात्री घरात डाव जिंकला तो आईनेच.

खेळ ज्यावर चालतो तो सर्व्हर मुंबईला. रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर पळतो, म्हणजे जाऊन-येऊन पाच मिलिसेकंद, वाटेतल्या यंत्रांची खोटी वेगळी. गणपतीत हेच अंतर कापायला चाकरमान्यांना किती लागतं, तो विषय नको. पण माडाची एक झावळ तारेवर पडली की प्रकाशही थांबतो. तारवाला "फाल्या येतंय" म्हणतो, म्हणजे उद्या. पावसाळ्यात लाईट गेली तरी तेच. सिस्टीमला झावळ कळत नाही. तिच्या लेखी मी भर डावातून पळालो. गुण कापले, वर काही वेळ खेळायला बंदी.

पण मागच्या पावसाळ्यात एका डावात कानावर आलं, "आयशीचो घो!" अख्ख्या भारतातून निवडलेल्या माणसांत हा स्वर!

"खंयचो रे तू?"

"कणकवली. तू?"

"मालवण. धुरीवाडो."

"धुरीवाड्यात कोणाचो? आमच्या मावशेक थंयच दिल्यानी."

बाकीचे तिघे "भाई, बॉम्ब! भाई, बॉम्ब!" करत होते. मावशीचं घर विहिरीच्या अलीकडे की पलीकडे हे ठरेपर्यंत बॉम्ब फुटला.

आता आम्ही जोडीनेच खेळतो. बऱ्याच खेळांत जोडीने आलेल्यांची आपसात समजूत असते असं सिस्टीम धरून चालते आणि समोर जरा तगडी माणसं देते. आमचं बोलणं तिला ऐकू येत नसावं. दोघेही सिल्व्हरमध्येच आहोत. परवा त्याची मावशी बाजारात आईला भेटली आणि म्हणाली, तुमच्या झिलापायी आमचो झील वर जाणा नाय. खेळ कसला, वर म्हणजे कुठे, आईने काही विचारलं नाही. घरी येऊन पिशवी ठेवली आणि मला म्हणाली, "पराव्या पोराचां नुकसान कित्याक करतंस रे?"