घरच्या जेवणाचा जमाखर्च

बाहेर खाऊन खाऊन खिसा फाटला, हे एकदाचं पटलं ना? शाब्बास. आता घरी रांधायचं. स्वयंपाक येत नसला तरी चालेल, वही नीट लिहिता आली पाहिजे.

सुरुवात खरेदीपासून. नुसत्या पातेल्यावर कुणाची बचत झाल्याचं ऐकलंय? बिडाचा तवा हवा, एअर फ्रायर हवा, उरलंसुरलं ठेवायला काचेचे डबे हवेत. हे सगळं ‘गुंतवणूक’ या सदरात. फ्रायरला ओट्यावर जागा नसेल (मुंबईत नसतेच), तर वॉशिंग मशीनवर ठेवा. मशीन फिरायला लागलं की तो सरकत कडेला येतो, तेवढा धरायला एक माणूस उभा करा.

मसाला पाकिटातला? छे! लालबागला मिरची गल्लीत जायचं. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, आणि दुकानदाराने आग्रह केला म्हणून काश्मिरी. धणे, दगडफूल, नागकेशर घेऊन तिथेच डंखावर कुटून घ्यायचं. वर्षाची बेगमी होते. दोघांच्या संसारात ती मुलाच्या बारशापर्यंत पुरते. ती पिशवी घेऊन लोकलमध्ये चढलात तर अख्खा डबा शिंकेल, म्हणून टॅक्सी. टॅक्सी ‘प्रवास’मध्ये लिहा, तिचा जेवणाशी काय संबंध?

भाजी दादरहून, पहाटे, घाऊक भावात. कोथिंबीर इतकी स्वस्त की एक जुडी मागायची लाज वाटते. पाच घ्या. चार दिवसांनी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात हात घालाल तेव्हा पिशवीच्या तळाशी हिरवा चिखल, त्यात रुतलेलं रबरबँड आणि एखादी काडी अजून ताठ. टाकलेल्या भाजीला वहीत सदर नसतं. ‘स्वस्त मिळाली’ एवढंच लिहायचं. पाइपच्या गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं, म्हणजे पहिला महिना गॅस फुकटच.

आता मजुरी. सरकारने २०२० मध्ये शिवभोजन थाळी १० रुपयांत सुरू केली, तेव्हा शहरातल्या थाळीचा दर ५० धरला होता. वरचे ४० सरकार भरणार होतं. तुमच्या थाळीचं अनुदान कोण भरतं? घरात जी कुणी पहाटे उठून कणीक मळते, ती. तिला मात्र विचारू नका. चुकून तिने दर सांगितला तर? मुंबईत डबेवाले १८९० पासून आहेत. डबा पोचवण्याचे पैसे लोक तेव्हापासून बिनतक्रार मोजतात, डबा भरण्याचे मोजायची आपल्यात पद्धत नाही. बचतीचं खरं भांडवल ते, त्याला हात लावायचा नाही. शनिवारी तीच म्हणाली, ‘आज माझ्याच्याने होणार नाही,’ तर बाहेरून मागवा आणि ‘करमणूक’ खाली लिहा.

महिनाअखेरीस ‘जेवण’ या सदराची बेरीज करा. आकडा बघून ऊर भरून येईल. भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पानाचा फोटो टाका, फक्त तेवढ्याच पानाचा. मग दाराची बेल वाजेल. भांडीवाल्या मावशी. ‘ताई, भांडी डबल झाली, पुढच्या महिन्यापासून पाचशे जास्त लागतील.’ घासाघीस करू नका, मावशी सोडून गेल्या तर कढई कोण घासणार? ‘हो’ म्हणा आणि ‘इतर’ सदरात लिहा. त्यासाठी आधीच तीन पानं कोरी सोडलेली बरी.