धबधबा नको, आधी ओढा दाखवा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर परत ती यादी आली. 'लहान मुलांना घेऊन जाण्यासारखे मुंबईजवळचे सोपे धबधबे', प्रत्येक नावापुढे फॅमिली फ्रेंडली, शेजारी थेंबांचे इमोजी. आणि दुसऱ्या नंबरवर काय, तर खारघरचा पांडवकडा. जिथे जायला वनखातं पावसाळ्यात बंदी घालतं, जिथे २०१९ च्या ऑगस्टमध्ये कॉलेजच्या चार मुली वाहून गेल्या, तो पांडवकडा फॅमिली फ्रेंडली! त्याच्या खाली वसईजवळचं चिंचोटी, त्याच्या खाली बदलापूरचं कोंडेश्वर, जिथल्या कुंडात बुडाल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. मी एवढंच लिहिलं की अहो ही तीन नावं तरी काढा, ग्रुपवर निम्म्या घरांत पाच-सहा वर्षांची मुलं आहेत. तर एका दादांचं उत्तर, "ताई, एवढी भीती वाटते तर मुलांना घरी बसवा आणि मोबाइल द्या हातात." त्यावर सात जणांचे अंगठे.

तेव्हापासून डोकं फिरलंय. ऑफिसात धड लक्ष लागलं नाही, आत्ता मुलं झोपल्यावर लिहायला बसलेय.

कारण मी मुलांना घरी बसवणाऱ्यातली नाही हो. माझी लेक अडीच वर्षांची असल्यापासून दर पावसाळ्यात आम्ही बाहेर पडतो. शहरातल्या मुलांना पाऊस म्हणजे शाळेला सुट्टी, तुंबलेला रस्ता आणि खिडकीची काच एवढाच माहीत असावा हे मला सहनच होत नाही. त्यांच्या पायाला चिखल लागला पाहिजे, खेकडा दगडाखाली कसा पळतो ते त्यांनी पाहिलं पाहिजे. त्यामुळे भित्री आई वगैरे मला कोणी म्हणू नये.

पण मी २०२२ चा जुलै विसरू शकत नाही.

लेक पाच वर्षांची होती, भाचा तीन. भांडुपहून निघालो, ठाण्याला कर्जत लोकल पकडली, भिवपुरी रोडला उतरलो. धबधब्यापर्यंत जायचा बेत होता पण अर्ध्या वाटेतच भाचा दमला, मग भातखाचरांच्या कडेने एक ओढा जात होता तो ओलांडून पलीकडे एका झाडाखाली बसलो. पाणी माझ्या घोट्याइतकं. नितळ, तळातले खडे दिसत होते. पाऊस अजिबात नव्हता, मधूनमधून ऊन पडत होतं. मुलं पानांच्या होड्या सोडत होती, मी डबा उघडत होते, नवरा फोटो काढत होता. यापेक्षा सोपी, सुरक्षित जागा असू शकते का?

तेवढ्यात वाडीकडून एक मावशी आली, डोक्यावर भाजीची पाटी, करटोली आणि कवळ्याच्या जुड्या. ओढा ओलांडून स्टेशनकडे जायचं होतं तिला. ती काठावर थांबली, पाण्याकडे बघितलं, आणि पाटी खाली ठेवून सरळ पाण्यात उतरून भाच्याला उचललं. मी घाबरले, हे काय चाललंय! ती म्हणाली, "बाई, पोरीला वर घे. पानी बदललं."

मला काही बदललेलं दिसेना. मग बघितलं तर मघाचे खडे दिसत नव्हते. पाण्याला चहासारखा रंग आला होता आणि वरून काटक्या, पालापाचोळा वाहत यायला लागला होता. एवढंच. आम्ही मुलांना घेऊन वरच्या बांधावर गेलो आणि दहा मिनिटांत, खरंच दहा मिनिटांत, ज्या दगडावर मी डबा ठेवला होता तो दगड दिसेनासा झाला. लेकीची एक चप्पल माझ्या डोळ्यांसमोर गेली. आवाज इतका की शेजारी उभ्या नवऱ्याचं बोलणं ऐकू येईना. आणि आमच्या डोक्यावर अजूनही ऊन होतं!

मावशीने हनुवटीने वर माथेरानच्या डोंगराकडे दाखवलं. तिथे सगळं काळंकुट्ट. पाऊस तिथे पडत होता. वर धो धो कोसळला की त्या उभ्या कातळावरून पाणी थेट खाली येतं, मुरायला मातीच नाही, तुमच्याकडे ऊन आहे की पाऊस याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. मी त्या दिवशी निघताना हवामान बघितलं होतं, पण भांडुपचं! इतकी वर्षं फिरूनसुद्धा मला हे कळत नव्हतं आणि मी दोन लहान मुलं घेऊन तिथे बसले होते.

म्हणून मला ह्या 'सोपा' शब्दाचा राग येतो. सोपा कोणासाठी? पंचविशीतला मुलगा तिथे शॉर्ट्स घालून अर्ध्या तासात पोचतो, रील टाकतो, 'इझी ट्रेक गाइज'. त्याला सोपाच आहे. पण त्याच्या गुडघ्याइतकं पाणी म्हणजे तीन वर्षांच्या पोराच्या कमरेपर्यंत. त्याने टुणकन उडी मारलेला शेवाळलेला दगड म्हणजे एका कडेवर मूल आणि दुसऱ्या हातात पिशवी असलेल्या आईसाठी काय असतं हे त्याला कुठून कळणार. आणि परतीचं कोणी बोलतच नाही. जाताना वाटेत ओढा लागतो का, हा पहिला प्रश्न पाहिजे. आम्ही जाताना हसत हसत ओलांडला तोच ओढा मग दीड तास आमच्या आणि स्टेशनच्या मध्ये फुगून उभा होता. भूक लागलेली, ओली, रडणारी दोन मुलं आणि समोर तो लाल लोंढा, त्या दीड तासाचं रील कोणी करत नाही.

धबधब्याच्या खाली मुलाला धरून फोटो काढणाऱ्यांना तर मला हात जोडून सांगावंसं वाटतं. वरून नुसतं पाणी येत नाही, दगड येतात. मुठीएवढा दगड उंचावरून आला तर डोक्याचं काय होईल, सांगा ना. मोठ्या माणसांना हौस असेल तर त्यांनी बघावं, पण मुलाला तिथे का नेता? ते तर बिचारं पाण्याच्या आवाजानेच घाबरून रडत असतं आणि आपण म्हणतो, इकडे बघ, हस!

लिहिता लिहिता लोणावळ्याचा भुशी डॅम आठवला. ३० जून २०२४. डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच घरातले पाच जण वाहून गेले, एक बाई आणि चार मुलं. तो व्हिडीओ आपण सगळ्यांनी पाहिलाय. पाण्याच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभे होते. त्याच्या खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं, अक्कल नव्हती का, कोणी सांगितलं होतं जायला. मला नाही हो तसं लिहिता येत. ते रविवारी घरच्यांना घेऊन बाहेर पडलेले लोक होते. आमच्यासारखेच. त्यांनाही ते पाणी आधी सोपंच वाटलं असणार. आमच्या आणि त्यांच्यात फरक एवढाच की आम्हाला ती मावशी भेटली. मला तो व्हिडीओ पूर्ण बघवला नाही, आजही नाही बघवत.

आता कोणी म्हणेल हजारो लोक जातात आणि सुखरूप परत येतात. येतात, मान्य. आम्हीही आलोच की.

आणि दुसरी बाजू, दर पावसाळ्यात कलेक्टरची ऑर्डर निघते, अमुक धबधबे बंद. त्याने जीव वाचतात, हेही मान्य, नाइलाजाने मान्य. पण दारू पिऊन बाटल्या फोडणाऱ्या टोळक्याला आणि मुलांना पाय बुडवायला घेऊन आलेल्या आईबापांना एकच दांडका? बंदीची पाटी लावता तर तिथेच चार पावलांवर एक सुरक्षित काठ आखून द्या, दोरी बांधा, बायका-मुलांसाठी एक संडास बांधा, वाडीतल्याच दोन माणसांना पगार देऊन पाण्यावर लक्ष ठेवायला बसवा. त्यांना पाणी कळतं. आपल्याला नाही कळत.

मग जायचं कुठे? मला विचाराल तर चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी पहिली दोन-तीन वर्षं धबधबा हवाच कशाला. त्यांना वाहतं पाणी हवं असतं. आमचं ठरलेलं ठिकाण म्हणजे कान्हेरी. बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, आतली बस मिळते. जोराच्या पावसानंतर गेलात तर कातळावरून जागोजागी पाणी उतरत असतं. शंभराहून जास्त लेणी आहेत आणि जवळपास प्रत्येकीशी दगडात कोरलेली पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, भिक्खूंनी दोन हजार वर्षांपूर्वी हेच पावसाचं पाणी पन्हळी कोरून साठवलं होतं. माझी लेक तासभर फक्त ते बघत होती, पाणी इकडून येतं, इथून वळतं, इथे पडतं. पाऊस वाढला की लेण्यात शिरायचं, डोक्यावर अख्खा डोंगर. मधल्या घळीत मात्र मुलांना उतरवू नका, तिथे पाणी जोरात असतं, आणि पायऱ्यांवर हात सोडायचा नाही. सोमवारी बंद असतं.

दुसरं माथेरान. पावसाळ्यात नेरळहून वरपर्यंत मिनी ट्रेन नसते, टॅक्सीने दस्तुरी नाक्याला जायचं, गाड्या तिथपर्यंतच, आणि तिथल्याच अमन लॉज स्टेशनहून मिनी ट्रेनची शटल. वर मोटारगाड्या नाहीत, लाल मातीची बऱ्यापैकी सपाट वाट, कडेने पाण्याचे ओघळ, ढग अंगावर येतात. पॉइंटांच्या कठड्यापासून लांब राहिलात तर मूल दिवसभर चालतं, दमलं की बसतं, हॉटेल आहे, बाथरूम आहे. ह्या गोष्टी कुठल्याच यादीत नसतात आणि मुलं बरोबर असली की ह्याच सगळ्यात आधी लागतात. हो, गर्दी असते, महाग पडतं, शनिवार-रविवार तर फारच. तरी मी हेच सांगेन.

आणि ओढ्यावर गेलातच, तर एका मोठ्या माणसाने फक्त पाण्याकडे बघत बसायचं. फोटो नाही, डबा नाही, फोन नाही. गढूळ झालं, पाला आला, आवाज वाढला, की प्रश्न न विचारता मुलं उचलायची. आम्ही आता आळीपाळीने बसतो. कंटाळा येतो का? येतो. नवरा कुरकुर करतो का? नाही, त्याने तो दगड जाताना पाहिलाय.

त्या मावशीचं अजून एक सांगायचं राहिलं. ती तेव्हाच ओढा ओलांडून जाऊ शकली असती. पाणी चढायला अजून वेळ होता, पलीकडे गेली असती तर तिची लोकल मिळाली असती, भाजी वेळेवर बाजारात पोचली असती. ती भाच्याला उचलून मागे फिरली आणि आमच्याबरोबर दीड तास अडकून बसली. भाचा रडत होता तर त्याला तेरड्याची फुलं तोडून दिली. पाणी उतरल्यावर तिनेच आम्हाला कुठून पाय टाकायचा ते दाखवलं. आम्ही पाटीतली सगळी भाजी घेतली तर तिने पैसे मोजून दहा रुपये परत केले, जास्त घेईना. नाव विचारायचं आम्हाला सुचलंच नाही. लेक अजूनही कधीतरी विचारते, "आई, माझी चप्पल आता समुद्रात पोचली असेल का गं?" ती हे गमतीने विचारते. माझ्या पोटात मात्र दर वेळी गोळा येतो.

दादा, तुम्ही इथेही असाल आणि हे वाचत असाल तर, सकाळी मी पण चिडून बोलले, ते सोडा. ह्या रविवारी आम्ही कान्हेरीला जातोय, तुम्ही मुलांना घेऊन या, मनापासून बोलावतेय. साडेआठला पार्कच्या मेन गेटवर. प्रत्येक मुलामागे एक मोठा माणूस पाहिजे, सुके कपडे प्लास्टिकच्या पिशवीत, मागे पट्टा असलेल्या चपला, आणि खाऊ बंद डब्यात, माकडं हातातून हिसकावतात. ऑरेंज अलर्ट आला तर शनिवारी रात्री ग्रुपवर टाकेन, मग पुढच्या रविवारी जाऊ.