बांधावर झाडं लावली की पाखरं आली?

"रसायनं बंद करा, बांधावर झाडं लावा, पाखरं आपोआप परत येतील. युरोपनं अनुदान देऊन हे करून दाखवलंय." पावसाळा तोंडावर आला की हा मेसेज फिरू लागतो. हेतू चांगला, म्हणून कुणी तपासत नाही.

रसायनांचं निम्मं खरं आहे. दाणे टिपणारे बहुतेक पक्षीसुद्धा पिल्लांना किडे-अळ्याच भरवतात आणि फवारणीनं नेमक्या त्याच जातात. पण तणनाशक सोडल्यावर तण काढणार कशानं? डवऱ्यानं. टिटवी, चंडोल, तित्तर अंडी घालतात जमिनीवर, आणि सेंद्रिय शेतातला डवराही ती तितक्याच सहज फोडतो. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जोराचा, असा अंदाज बांधणारे म्हातारे घरटं दिसलं की औत वळवून घ्यायचे. त्या ओंजळभर जागेचं मोल मेसेजवाल्यांना ठाऊक नाही. इंग्लंडात गव्हाच्या शेतात चंडोलासाठी हेक्टरी दोन लहान तुकडे मुद्दाम न पेरता सोडतात. पीक दाट झालं की त्याला उतरायला जागाच उरत नाही.

झाडांचा सल्ला तर माळाच्या पक्ष्यांसाठी उलटाच. बाभळीवर सुगरण घरटी विणेल, कबूल. पण धाविक, तणमोर, माळढोक यांना मोकळं रान हवं. तिथलं झाड म्हणजे कावळ्याला अंडी हेरायचं मचाण. तणमोराचा नर पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारून मादीला खुणावतो. ते गवत 'ओसाड' ठरवून तिथं रोपं लावली, तर उड्या मारायच्या कुठं?

आता युरोप. नेदरलँड्समध्ये उशिरा कापणी करण्यासारख्या अटींवर शेतकऱ्यांना पैसे मिळत. 2001 साली तिथल्या संशोधकांनी योजनेतली आणि योजनेबाहेरची शेतं जोडीजोडीनं तपासली, तर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना फायदा दिसलाच नाही. उलट इंग्लंडच्या डेव्हन भागात आपल्या ज्वारीवर येणाऱ्या भारिटाचा एक भाऊबंद 1989 मध्ये 118 जोड्यांवर आला होता; 2016 पर्यंत हजारावर गेला. पैसे तिथंही दिले, पण नेमक्या कामासाठी: जवाचं पीक काढल्यावर धसकटं हिवाळाभर तशीच ठेवायची, म्हणजे सांडलेलं दाणं-बी टिपायला मिळतं. जोडीला उन्हाळ्यात पिल्लांना भरवायच्या टोळांसाठी गवत आणि घरट्यासाठी दाट कुंपण.

मेसेजमध्ये धसकटांचं नावही नाही.