ग्रामोफोनचे सुटे भाग घेताय? आधी डोळे मिटा

माळ्यावरून आजोबांचा चावीचा ग्रामोफोन खाली उतरवलात? अभिनंदन. आता त्याचे पार्ट शोधणार, म्हणजे कोणाचं तरी घर चालवणार. या पुण्यकर्मात खंड पडू नये म्हणून थोडं मार्गदर्शन करतो.

स्प्रिंग तुटली असेल तर माप मुळीच घेऊ नका. पट्टीची रुंदी किती, जाडी किती, टोकाला भोक आहे की आकडा, असलं विचारणारा विक्रेता नवशिका समजावा. मुरलेला माणूस म्हणतो, "सब में लगती है, साब." त्याच्याकडे एकच स्प्रिंग असते आणि ती जगातल्या सगळ्या मशीनला बसते. तुमच्या मशीनला बसली नाही तर खोट तुमच्या आजोबांची.

वस्तू निजामाच्या हवेलीतली आहे असं सांगितलं की लगेच हात जोडावेत. सातवे निजाम मीर उस्मान अली खान काटकसरीसाठी जगभर प्रसिद्ध होते म्हणे. पण आपल्याकडच्या जाहिराती वाचल्या तर हा माणूस परभणी, नांदेड, बीड करत गावोगाव ग्रामोफोन वाटत फिरला असावा. त्यातही पितळेचा चकचकीत भोंगा, अष्टकोनी पेटी आणि वर कुत्र्याचं चित्र असेल तर किंमत विचारणं हा हवेलीचा अपमान. पेटी परवा मुरादाबादेत ठोकलेली असते, आत मोटार कुठल्या तरी पोर्टेबलची. एक सज्जन तर एचएमव्ही १०२ चा "ओरिजिनल भोंगा" विकत होते. १०२ ला बाहेर भोंगा नसतोच, तो पेटीच्या आत असतो. पण एवढी माहिती ठेवली तर खरेदीची मजा ती काय?

"एडिसन कंपनीचा एचएमव्ही" मिळाला तर सोडू नका. एडिसनचा मूळचा फोनोग्राफ नळकांड्यावर वाजतो, एचएमव्ही तबकडीवर. हा बहुधा दोन्हींवर वाजत असेल.

सुयांचा जुना डबा सीलबंद असो नसो, झाकणावर कुत्रा आहे ना, मग घ्या. पोलादी सुई तबकडीची एक बाजू वाजवली की टाकायची असते, असं जुने लोक म्हणायचे. विक्रेते त्यांच्यापेक्षा हुशार. वापरून टोक चपटं झालेल्या सुया ते पुसून डब्यात परत भरतात. भिंगाखाली बघू नका, उगाच मन खट्टू होतं. लाखेच्या तबकडीच्या खाचा त्या सुईने खरवडून निघाल्या तर "जुनी आहे, खरखर यायचीच" म्हणावं आणि मोकळं व्हावं.

आता साऊंडबॉक्स, म्हणजे सुई जिच्यात बसते आणि जिच्यातली पातळ चकती थरथरून आवाज काढते ती डबी. इथे माझी ताजी जखम आहे, जरा सविस्तर सांगतो. माझ्या मशीनच्या साऊंडबॉक्समधली अभ्रकाची चकती तडकली. ऑनलाइन एक "एक्झिबिशन साऊंडबॉक्स, 1910, अस्सल अभ्रक" दिसला. फोटोत सुरेख पिवळसर झाक. पैसे आधी पूर्ण, "नाजूक माल आहे, सर." पार्सल जालन्याला आलं. चकतीवर नख टेकवलं तर टक् करून आत गेली, बोट काढलं तर टक् करून बाहेर आली. अभ्रक असं करत नाही हो! अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, तडा जातो. हे मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्याचं झाकण होतं, कात्रीने गोल कापलेलं. कापणाऱ्याने एवढेही कष्ट घेतले नव्हते की कडेला त्या तीन बाणांच्या त्रिकोणाची अर्धी खूण राहिली आहे ती तरी टाळावी. भोवतीचं रबर सायकलच्या ट्यूबचं. आणि 1910 च्या या वस्तूला फुलीचे स्क्रू! फुलीचा स्क्रू बाजारात आला 1930 च्या दशकात. म्हणजे ही वस्तू बनवताना कारागिराला पुढची वीस-पंचवीस वर्षं दिसत होती.

फोन केला. "पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आहे का?" होता. मग "तुमच्याच मशीनमध्ये काही तरी असेल." मग दोन दिवस फोन बंद. मग एकदम प्रेमाचा मेसेज: "सर, रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका."

अरे, पैसे घ्यायला पिन लागतो का कधी? पिन पैसे द्यायला लागतो! एकदा लुटून पोट भरलं नाही म्हणून हा गडी परत आला होता.

पण खरा राग त्याच्यावर नाही. चोर आहे तो, चोरी करणारच. हीच हकिगत बीडच्या एका हौशी गृहस्थांना सांगितली, तर ते थंडपणे म्हणाले, "माझ्याकडे बी त्यानंच दिलेला होता की. मी दिला लातूरच्या एकाला. तुम्ही बी टाका एखाद्या ग्रुपात, जातो लगेच."

म्हणजे ते झाकण फिरतंच आहे. बीडवरून लातूर, लातूरवरून उदगीर. प्रत्येक जण फसला, आणि फसलो हे सांगायची लाज वाटली म्हणून पुढच्याच्या गळ्यात बांधून मोकळा झाला. वर पार्सल फोडायच्या आधीच पाच चांदण्या देणारे तुम्हीच. "भारी पीस आहे भाऊ" लिहिणारेही तुम्हीच. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो मागायला, चकतीला नख लावतानाचा व्हिडिओ मागायला काय जातं? नाही म्हणाला तर घेऊ नका, ग्रामोफोन आणखी दोन महिने मुका राहिला तर काही बिघडत नाही. आणि फसलात तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा, लगेच लावा, पैसे अडकवता येतात ते तेवढ्यातच. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, तीही मराठीत बोलते. तिथे फोन करायला लाज वाटते म्हणता, मग लातूरच्या माणसाला ते झाकण विकताना कुठे गेली होती?