पिंगळा, मी आणि एन.ए. प्लॉट

जळगावात मेहरूण तलावाच्या बाजूला आमची कॉलनी आहे. तिच्या मागे एन.ए. (म्हणजे बिगरशेती) होऊनही न बांधलेले प्लॉट, त्यांत बाभळी, एक म्हातारा कडुनिंब आणि गावभरच्या प्लास्टिकच्या पिशव्या. हे सगळं ‘अधिवास’ असतं, हे मला रिटायर झाल्यावर समजलं. समजावणारी शेजारची कॉलेजातली पोरगी. ती आणि तिची मित्रमंडळी संक्रांतीनंतर झाडांत अडकलेला मांजा काढत फिरतात. मला म्हणाली, “काका, तुम्ही रोज सकाळी नुसतेच फिरता. पक्षी तरी मोजा.”

फेब्रुवारीत चार दिवस जगभर ही मोजणी चालते. एका जागी निदान १५ मिनिटं थांबायचं, दिसेल तो पक्षी आणि त्याची संख्या मोबाइलवर नोंदवायची. मी म्हटलं, एवढंच ना? हयातीच्या दाखल्याच्या रांगेत मी याच्या दसपट उभा राहिलोय.

पण रांगेतली माणसं निदान आपली जागा धरून असतात. सातभाई नावाचा पक्षी घ्या. नावातच आकडा आहे, म्हणून मी मोजण्याआधीच ७ लिहून टाकले. मोजले तर नऊ. पुन्हा मोजले तर पाच. बाकीचे चार माझ्या पाठीमागे येऊन माझ्याविषयीच काहीतरी बडबडत होते. पाण्याच्या टाकीवरचे पारवे बासष्टपर्यंत आणले, तेवढ्यात शिक्रा हा शिकारी पक्षी आला आणि सगळा हिशेब उडाला.

दुसऱ्या दिवशी गच्चीवरून तारेवरचा कोतवाल पाहत होतो. तारेमागे समोरच्या वहिनींची गच्ची, आणि गच्चीवर वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे. हे मला दुर्बिणीतून फारच स्पष्ट दिसलं. वहिनीही दिसल्या, कमरेवर हात ठेवून. “भाऊ, बिबडे पाहिजे असतीन तं सांगा ना! दुर्बीन लावून काय पाहता?” संध्याकाळी ताट भरून बिबडे घरी आले. हिने ते तळले, पण माझ्याशी दोन दिवस मोजकंच बोलली.

तिसऱ्या दिवशी घात झाला. सूर्य वर यायच्या बेताला कडुनिंबाच्या वाळक्या फांदीवर एक छोटं घुबड. डोकं गोल, काळपट आणि सपशेल बिनठिपक्याचं. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात एवढं मला पाठ होतं. ठिपके नाहीत म्हणजे कोण? रानपिंगळा! माझे हात कापायला लागले.

आम्हा खान्देशकरांना रानपिंगळ्याचं अप्रूप असणारच. १८८४ नंतर तो कुणाला सापडलाच नव्हता. संपला असंच धरून चालले होते. मग नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकेच्या पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे दोन सोबती हिंडत आले आणि त्यांना तो आपल्या शहाद्याजवळ दिसला. ११३ वर्षांनी! मी म्हटलं, जो एवढी वर्षं लपू शकतो, तो दीडएकशे किलोमीटर उडू शकत नाही होय? नोंद टाकली : रानपिंगळा, १. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकली. पहिल्या पाच मिनिटांत चौदा नमस्कार, सहा पुष्पगुच्छ आणि आप्पांचा एक प्रश्न : “रानपिंगया म्हंजे काय, आपला पिंगयाच ना?” ळ चा य केला म्हणून मी आप्पांना मनातल्या मनात हसलो.

दुपारी नोंदी तपासणाऱ्यांची मेल आली : कृपया वर्णन व फोटो द्या. फोटोत कडुनिंब छान आला होता. मग पोरगी आली.

“काका, शेपटीवर रुंद पट्टे होते?”

“शेपटी पानांत होती.”

“पोट पांढरंशुभ्र?”

“माझ्याकडे पाठ होती.”

“आणि उजेड?”

उजेड त्याच्या मागून होता. म्हणजे त्या वेळी माझ्या हिलाही तिथं बसवलं असतं तर ती बिनठिपक्याचीच दिसली असती.

पोरीने मला ओरडायला हवं होतं. त्याऐवजी तिने एक गोष्ट सांगितली. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी. त्याच्या पक्ष्यांच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर साल १९१४, ठिकाण गुजरात. पुढे रासमुसेनबाईंनीच शोधून काढलं, की ती चोरी होती. पक्षी ब्रिटिश म्युझियममधून ढापलेला, आणि मुळात जेम्स डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात खान्देशात मिळवलेला! खोट्या चिठ्ठीने शोधणाऱ्यांची दिशाभूल झाली, ती वेगळीच. आमचा पक्षी आणि लेबल गुजरातचं, हे ऐकून माझं रक्त तापलं. मग लक्षात आलं, मीही सकाळी तेच केलंय, फक्त फुकटात.

संध्याकाळी आम्ही दोघं पुन्हा कडुनिंबाखाली गेलो. सूर्य आता आमच्या पाठीशी. ढोलीतून डोकं बाहेर आलं. ठिपके, ठिपके आणि ठिपके, जणू कुणी ताकाचे शिंतोडे उडवलेत. मागून दुसरं डोकं आलं, तेही तसंच. मी नोंद दुरुस्त केली : रानपिंगळा खोडला, पिंगळा, २. आप्पांची मनातल्या मनात माफी मागितली.

मोबाइलमधली नोंद खोडता येते, कॉलनीतली नाही. रविवारी आप्पांचे साडू सहकुटुंब भुसावळहून ‘दुर्मिळ घुबड’ पाहायला आले. सोबत डब्यात भरीत आणि कळण्याची भाकरी. मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं, “तो नाही हो हा. हा साधा. डोक्यावर ठिपके आहेत, बघा.”

साडूंनी दुर्बीण घेतली, पाहिलं, आणि बायकोला हाक मारली, “अगं, लवकर ये! ठिपकेवाला आहे!”