‘ख्रूसोस’ हा ‘हिरण्य’चा लेक नव्हे

ग्रुपवर पुन्हा तोच मजकूर आला. ग्रीक भाषेत सोन्याला ‘ख्रूसोस’ म्हणतात, तो शब्द आपल्या ‘हिरण्य’वरून (संस्कृतात सोनं) झाला, अलेक्झांडरच्या सैन्याने तो तिकडे नेला, त्याचा मूळ अर्थ सूर्यतेज, आणि ख्रूसोस, ख्रिस्त, कृष्ण हे मुळात एकच. खाली ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’. मी पाठवला नाही, तेव्हा कारण सांगायला हवं.

अलेक्झांडरचं आधी मिटवू. तो सिंधूकाठी आला इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये. ग्रीसमधल्या पायलॉसचा राजवाडा त्याच्या आठ-नऊशे वर्षं आधीच जळाला होता. त्या आगीत भाजून टिकलेल्या मातीच्या पाट्यांवर ‘कु-रु-सो’ म्हणजे सोनं आणि ‘कु-रु-सो-वो-को’ म्हणजे सोनार, असे दोन्ही शब्द आहेत. मायकेल व्हेंट्रिस या इंग्रज वास्तुविशारदाने १९५२ मध्ये त्या पाट्यांवरची ‘लिनिअर बी’ लिपी उलगडली म्हणून ते आज वाचता येतात.

आता हिरण्य. संस्कृत आणि ग्रीक या एकाच जुन्या भाषेतून निघालेल्या बहिणी, त्यामुळे संस्कृतचा ‘ह’ आणि ग्रीकचा ‘ख’ यांची जोडी खरोखरच जमते: आपला हंस तिकडे ‘खेन’ आहे. मजकूर लिहिणाऱ्याची फसगत इथेच झाली असावी. अडतं ते पुढच्या अक्षरावर. त्या जुन्या भाषेतल्या ‘ल’चा संस्कृतात बऱ्याचदा ‘र’ होतो, ग्रीक मात्र ‘ल’ सोडत नाही. म्हणून आपलं ‘श्रवस्’ (कीर्ती) तिकडे ‘क्लेओस’. हिरण्य शब्दाच्या मूळ रूपातही ‘ल’च होता, तेव्हा त्याचं ग्रीक भावंड ‘ख्ल’ने सुरू व्हायला हवं. आणि ते आहेच: ‘ख्लोरोस’, हिरवट पिवळा. त्याच शब्दावरून रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये क्लोरीनचं बारसं केलं. हरित, हळद (म्हणजे हरिद्रा), इंग्रजीतलं गोल्ड, सगळी याच घरची माणसं. फारसीतला सोन्याचा ‘झर’सुद्धा. तोच आपल्याकडे जर होऊन पैठणीच्या पदरात बसला. हिरण्याचे नातेवाईक शोधायचे तर कपाट उघडलं तरी पुरे; त्यासाठी ख्रूसोसला दत्तक घ्यायची गरज नाही.

मग ख्रूसोस आला कुठून? पश्चिम आशियातल्या सेमिटिक, म्हणजे हिब्रू-अरबीच्या कुळातल्या, भाषांतून. अक्कदीत, म्हणजे प्राचीन मेसोपोटेमियाच्या भाषेत, सोनं म्हणजे ‘खुरासु’. सीरिया-लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या फिनिशियन आणि उगारिटिक या जुन्या भाषांच्या लिपींत सहसा स्वर लिहीत नसत, तिथे ख-र-स हीच व्यंजनं दिसतात. शिवाय हा शब्द एकटा आला नाही. ग्रीकांचा अंगरखा ‘खितोन’, त्यांचं जिरं ‘कुमिनोन’, त्यांचे तीळ ‘सेसामोन’ हेही तिकडूनच आले आणि तेही त्याच लिपीतल्या जुन्या पाट्यांवर सापडतात. माल ज्या बाजारातून यायचा, नावही तिथूनच यायचं.

‘सूर्यतेज’ हा अर्थ कुठून काढला, देव जाणे. ग्रीकमध्ये सूर्य म्हणजे ‘हेलिओस’, आणि तो मात्र आपल्या ‘सूर्य’चा खरा नातलग आहे, मजकुरात नेमका त्याचाच पत्ता नाही. ख्रूसोस म्हणजे धातू, आणि त्यावरून सोन्यासारखं जे जे काही ते. ग्रीक महाकवी होमर प्रेमदेवता अफ्रोदितेला सोनेरी म्हणतो. कॉन्स्टँटिनोपलच्या जॉन या धर्मगुरूला वक्तृत्वामुळे ‘ख्रूसोस्तोमोस’, म्हणजे सोन्याच्या तोंडाचा, हे नाव पडलं. शेवंतीचं क्रिसँथेमम हे नावही ‘सोनफूल’च.

ख्रिस्त आणि कृष्ण एका वाक्यात उरकतात: ‘ख्रिस्तोस’ म्हणजे तेलाने अभिषेक झालेला, ‘ख्रिओ’ या क्रियापदावरून, हिब्रू ‘मशिआख’चं भाषांतर म्हणून, कृष्ण म्हणजे काळा. सोन्याचा संबंध दोघांशीही नाही.

ग्रीकांशी देवाणघेवाण झालीच नाही, असं मात्र नाही. त्यांचं ‘द्राख्मे’ हे नाणं संस्कृतात ‘द्रम्म’ झालं आणि त्याचाच पुढे ‘दाम’ झाला. सराफाच्या दुकानात आपण अजून तो मोजतो.