पालथं पडून

सोसायटीच्या मागच्या कढीपत्त्यापाशी कोणी पालथं पडलेलं दिसलं तर त्याला चक्कर आली असेल, अशी शंका वॉचमनला तरी येते. अप्पांना नाही.

"काय हरवलंय?"

"फोटो काढतोय. फुलपाखरू अंडी घालतंय."

"कुठंय?" म्हणत अप्पांनी नेमकं तिथंच बोट लावलं. कॉमन मॉर्मनची मादी उडाली. ही बया कॉमन रोझ नावाच्या विषारी फुलपाखराचं सोंग घेऊन हिंडते. पक्षी फसतात, अप्पा फसत नाहीत.

"होतं की आत्ता," ते म्हणाले. मग कॅमेऱ्याकडे वळले. "हे काय?"

"हेलिओस ४४-२. जुनी रशियन लेन्स. मागची पानं गरगरल्यासारखी येतात."

"म्हणजे बिघडलीय."

अर्ध्या मीटरच्या आतलं तिला दिसत नाही, म्हणून मागे एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी, लावायची. मग तांदळाच्या दाण्याएवढ्या जाडीत काय ते स्पष्ट. ऑटोफोकस नाही, त्यामुळे श्वास धरून आपणच मागेपुढे डुलायचं. तरी डोळ्याऐवजी पार्श्वभाग टिपला जातो. हे सगळं मी सांगितलं. का सांगितलं, देव जाणे.

"थोडक्यात, मुद्दाम पैसे मोजून गैरसोय घेतलीत," अप्पांनी निकाल दिला आणि मोबाइल काढला. गुलाबावर फुलपाखरू, वर 'शुभ सकाळ'. "साडूंनी पाठवलंय. बघा कसं क्लिअर!"

"अप्पा, हे मोनार्क. अमेरिकेतलं. आपल्याकडे नसतं."

"म्हणूनच चांगलं आलंय."

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडलं असतं. पण जाता जाता त्यांना अळ्या दिसल्या. लहानपणी या अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात, आणि डिवचलं की डोक्यामागून लालसर दुबेळकं शिंग काढून घाण वास सोडतात. अप्पांनी डिवचलं. संध्याकाळी सेक्रेटरींनी औषध मारून घेतलं. २०१५ मध्ये राणी पाकोळीला राज्य फुलपाखरू केलं म्हणून याच मंडळींनी अभिमानाचे फॉरवर्ड फिरवले होते. तिच्याही अळ्या कढीपत्त्याच्याच, म्हणजे लिंबाच्या गोतातली पानं खातात, पण अभिमान फक्त पंखांचा असतो, अळीचा नाही.

ग्रुपवर सूचना आली: कढीपत्ता पंधरा दिवस तोडू नये. दिवाळी तोंडावर. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठलंच, "तुमच्या त्या फोटोंपायी चिवड्यात कढीपत्ता नाही हो यंदा!"

औषध मी मारलं नव्हतं. फोटो कसे आले, हे मात्र अजून एकानेही विचारलेलं नाही.